गहिनीनाथची दोनशेची लेन्स

चौसाळ्याला हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानाला लागून एक छोटा गाळा आहे. वर पाटी आहे, 'छबी फोटो स्टुडिओ'. गिऱ्हाइकाला वाटतं, छबी म्हणजे फोटो, म्हणून हे नाव. पण गहिनीनाथनं ते ठेवलं आईवरून. आईचं नाव छबुबाई. पाटी रंगवून आली त्या दिवशी त्यानं तिला ती वाचून दाखवली, तेव्हा ती पदर तोंडाला लावून इतकी हसली, की टायरवाला काय झालं म्हणून बाहेर येऊन बघू लागला.

घर मेंढरं राखणाऱ्यांचं. वडील बंकट दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचे आणि चारा असेल तिकडं हिंडायचे. लहानपणी गहिनीनाथ त्यांच्यासोबत असायचा. दिवसा तो सगळ्यांत चपळ. टेकाडावर चढलेली शेळी तो हां हां म्हणता वळवून आणी. पण दिवस कलला की त्याची चाल बदलायची. म्होरक्या बकऱ्याच्या गळ्यातली दोरी गच्च धरून तो मुक्कामाच्या जागेपर्यंत यायचा. बंकट म्हणायचे, "पोरगं अंधाराला लई भितं." मग घरचे सगळेच तसं म्हणू लागले, आणि हळूहळू त्यालाही ते पटलं. आपण भित्रे आहोत, एवढंच त्याला वाटलं. दुसरं काही असेल असं ना त्याच्या मनात आलं, ना कुणाच्या.

पुढं तो बीडला एका फोटोवाल्याकडं राहिला, काम शिकला, लग्नसराईत राबला आणि चौसाळ्याला स्वतःचा गाळा घेऊन बसला. बबिताशी लग्न झालं, प्रियदर्शनी झाली. लग्नं, बारशी, शाळेचे पासपोर्ट फोटो यावर घर नीट चाललं होतं. पण त्याचा जीव अडकला शर्यतीत. एका जत्रेत शंकरपट भरला होता, म्हणजे बैलगाड्यांची शर्यत. गहिनीनाथनं मातीत आडवं पडून एका जोडीचा फोटो काढला. चारही पुढची खुरं जमिनीच्या वर, छकडा वाकडा, आणि हाकणाऱ्याचं तोंड उघडं. मालकानं त्याचा फ्लेक्स करून गावाच्या वेशीवर लावला. तेव्हापासून पट कुठंही असो, माणसं म्हणू लागली, "त्या चौसाळ्याच्या गहिनीनाथला बोलवा बे, त्याच्याइतकं पळतं जनावर कुणाला सापडत न्हाई."

बैलांमागून मोटारसायकली आल्या. पालीजवळच्या माळावर अर्जुनराव म्हणून एक बडे शेतकरी आणि पुढारी आहेत, त्यांचा मुलगा विजयसिंह पुण्यात शिकायला होता. तिथून तो मातीवरच्या शर्यतीचा नाद घेऊन आला. वडिलांच्या पडीक जमिनीवर त्यानं जेसीबी लावून वळणं काढली, मातीचे उंचवटे रचले, आणि वडिलांच्या वाढदिवसाला दरवर्षी शर्यत भरवू लागला. उंचवट्यावरून गाडी उडाली की ती माणसाच्या डोक्याच्याही वर जायची. गहिनीनाथनं पहिल्यांदा ते पाहिलं आणि तो कॅमेरा उचलायचंच विसरला. बैल निदान जमिनीवर राहतो. ही तर उडत होती.

पहिली दोन वर्षं फोटो उत्तम आले. तिसऱ्या वर्षी काहीतरी बिघडलं. फ्रेममध्ये नुसती धूळ यायची. गाडी निघून गेल्यावरचा रिकामा उंचवटा यायचा. कधी मागचं अर्धं चाक. घरी संगणकावर एकेक फोटो पुढं सरकवताना गहिनीनाथ चिडून म्हणायचा, "लेन्स मंद झालीय. फोकस पकडंपत्तर गाडी फुर्र."

त्याच्याकडची लेन्स खरोखरच साधी होती. उन्हात बरी चालायची, पण पळत्या गोष्टीवर फोकस धरायला तिला वेळ लागायचा. तेव्हा दोष तिचाच, याबद्दल त्याला शंका नव्हती. लग्नात मांडवाच्या खांबाला तो दोनदा धडकला, एका म्हातारीच्या पायावर पाय दिला, स्टुडिओत स्टूल पाडलं. या गोष्टी लेन्सच्या खात्यावर जात नव्हत्या, पण तो त्या दमण्याच्या खात्यावर टाकायचा. बबिता बघत होती. एकदा ती म्हणाली, "अहो, तुमी शेजारून जाणाऱ्या माणसाला वळख देत न्हाईत आजकाल. परवा माझा भाऊ हात करीत व्हता."

"आपल्याच तालात असतो गं मी," तो म्हणाला.

पुढच्या शर्यतीच्या आधी नवी लेन्स घ्यायचीच, असं ठरवून तो संभाजीनगरला गेला. तिथं प्रविण नावाचा त्याचा जुना ओळखीचा माणूस कॅमेऱ्याचं दुकान चालवतो. नवं विकतो, जुनं घेतो, आणि भरवशाच्या गिऱ्हाइकाला लेन्स वापरून बघायला देतो. दुकान वरच्या मजल्यावर, वर गच्ची, आणि खाली रात्रंदिवस वाहता रस्ता.

"पळत्या गाड्यांसाठी पायजे," गहिनीनाथ म्हणाला. "लई लांबची दे. सहाशेची असंल तर सहाशेची."

प्रविणनं तीन लेन्सा गच्चीवर आणल्या. एक सहाशे मिलिमीटरपर्यंतची, लांबचं जवळ ओढणारी, हातभर लांब. एक दोनशेपर्यंतची, जाडजूड, कमी उजेडातही झटकन फोकस धरणारी. आणि एक जवळची, लग्नात वापरतात तसली. "भाऊ, लेन्स कागदावर निवडायची नसती," तो म्हणाला. "खालून रिक्षा, मोटारसायकली जातायत. त्यांच्यावर हाणून बघा."

गहिनीनाथनं सहाशेची लावली आणि रस्त्यावर रोखली. डांबर दिसलं. एका दुकानाची पायरी दिसली. गाडी सापडेना. त्यानं कॅमेरा फिरवला तर भिंत आली, मग झाड, मग आभाळ. प्रविण हसला. "सहाशेत समद्यांचं तसंच होतं. एवढंसंच दिसतं ना त्यातून. दोनशेची लावा."

दोनशेची लावली. थोडं बरं, पण गाडी फ्रेममध्ये यायची ती अचानक, कुणीतरी वरून टाकल्यासारखी, आणि बटण दाबेपर्यंत पसार.

"तुमी डावा डोळा मिटताय," प्रविण म्हणाला. "शर्यतवाले मिटत न्हाईत. उजवा कॅमेऱ्यात, डावा उघडा. डाव्यानं गाडी लांबून येताना दिसती, मग कॅमेरा तिच्यासंगं फिरवायचा. जीप आली बघा डावीकडून. पांढरी. आता."

गहिनीनाथनं डावा डोळा उघडा ठेवला. "कुठंय?"

"अवो, ती काय. चौकातून निघाली."

"न्हाई दिसत."

"कॅमेरा बाजूला करा. नुसतं बघा समोर. आता मान न हलवता सांगा, मी कुठं उभा हाय?"

गहिनीनाथ समोरच्या इमारतीकडं बघत राहिला. प्रविण त्याच्या खांद्याशी, हाताच्या अंतरावर उभा होता. गहिनीनाथला वाटलं तो मागं गेला असेल. तो म्हणाला, "मागं."

खाली गाड्यांचे भोंगे वाजत होते. प्रविणनं तिन्ही लेन्सांना एकेक करून झाकणं लावली आणि म्हणाला, "भाऊ, लेन्स मी तुमाला कवाबी देतो. आधी डोळे दाखवा."

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं. आत कुठंतरी बारीक दिवा लागायचा. दिसला की हातातलं बटण दाबायचं. गहिनीनाथ बटणावर अंगठा ठेवून ताठ बसला. आयुष्यभर तो बटण दाबूनच पोट भरत आला होता. मशीनमधून बारीक टकटक येत राहिली. दिवे लागत असणार हे त्याला कळत होतं. दिसत नव्हते. शेवटी शेवटी त्यानं लाजेखातर दोन-चार वेळा उगाच बटण दाबलं.

"डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे," बाई म्हणाल्या. "आधी अंधारात दिसायचं कमी होतं, मग कडेची नजर जाते. सावकाश. लहानपणी संध्याकाळी त्रास व्हायचा का?"

बकऱ्याच्या गळ्यातली दोरी त्याच्या तळहाताला आठवली. "मी भित्रा व्हतो," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. "तुम्ही भित्रे नव्हतात. तुम्हाला दिसत नव्हतं."

औषध काय, ऑपरेशन होईल का, चष्मा बदलून भागेल का, हे सगळं त्यानं विचारलं. प्रत्येकाला बाईंनी नाही म्हटलं. किती वर्षं टिकेल हे सांगता येत नाही म्हणाल्या. मोटारसायकल आजपासून बंद. मग त्यांनी विचारलं, आईच्या माहेरी कुणाला आहे का. होतं. तेलगावचे त्रिंबकमामा पूर्ण आंधळे होते. घरात सांगायचे, मामांना देवीच्या कोपानं अंधत्व आलं.

"हे आईकडून मुलाकडं येतं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला मूल?"

"एक मुलगी."

"तिला बहुधा फार त्रास होणार नाही. पण पुढं तिला मुलगा झाला, तर त्याला होऊ शकतो. मोठी झाली की तिला सांगून ठेवा."

प्रियदर्शनी तेव्हा तिसरीत होती. येताना तिच्यासाठी काही आणायचं असतं म्हणून त्यानं रंगपेटी घेतली, आणि एसटीत ती मांडीवर ठेवून बीडपर्यंत बसून राहिला.

घरी सांगितल्यावर बबिता भाकरी थापायची थांबली नाही. थापत राहिली, तव्यावरची करपली तरी. छबुबाईला आधी कळलंच नाही. मग तिनं एवढंच विचारलं, "माझ्याकडून गेलं?"

"तसं न्हाई माय. कुणाकडून म्हणून न्हाई."

"आत्ताच तर म्हणलास, आईकडून येतं." ती उठली, ओसरीवर जाऊन बसली, आणि तिनं त्या दिवशी जेवायला नाही म्हटलं. तिची समजूत कशी घालावी हे गहिनीनाथला सुचेना. खोटं बोलावं तर डॉक्टरचं बोलणं तोच नुकता सांगून बसला होता.

आठवडाभरात तो तेलगावला गेला. त्रिंबकमामा पत्र्याच्या छपरात बाजेवर बसले होते. समोरच्या रस्त्यानं उसाच्या गाड्या चालल्या होत्या. भाच्याचा आवाज ऐकून मामांनी हात पुढं केला, त्याचा चेहरा चाचपला आणि विचारलं, "कडंचं गेलं का?"

"गेलं म्हणतेत डॉक्टर."

"मग मदलं ऱ्हाईल काई वर्सं. ते लई चांगलं दिसतं. सुईत दोरा ओवशील. त्याच्यावर भुलू नको."

"तुमी काय केलं मामा तवा?"

"काय करतो? औत धरायचो. एक दिवस बैलाच्या पायात फाळ गेला. मंग सोडलं." मामांनी तोंड रस्त्याच्या आवाजाकडं वळवलं. "बैल लई गरीब व्हता."

गहिनीनाथ पुन्हा प्रविणकडं गेला तेव्हा शर्यत तोंडावर आली होती. प्रविणला वाटलं होतं तो आता येणार नाही. "मला लेन्स पायजे," गहिनीनाथ म्हणाला. "आता मला ठाव हाय माझं काय गेलंय. आता नीट निवडता यील."

दोघं काउंटरवर बसले. गहिनीनाथनं सगळा विचार करून ठेवला होता. सहाशेची नको, कारण तिच्यात गाडी शोधावी लागते, आणि शोधणं हेच त्याला जमत नव्हतं. जवळची नको, कारण तिला गाडीच्या अगदी अंगाशी उभं राहावं लागतं, आणि बाजूनं आलेली गाडी त्याला दिसली नसती. राहिली दोनशेची. ती स्टँडवर लावायची, उंचवट्याच्या माथ्यावर आधीच फोकस धरून ठेवायचा, आणि गाडीच्या मागं फिरायचंच नाही. फ्रेम थोडी मोकळी ठेवायची. गाडी मधेच कुठंतरी येईल, घरी कापून घेता येईल. आणि गाडी येतेय हे कळायला कान आहेत. चढावर इंजिनाचा आवाज एकदम दाटतो, माथ्यावर मोकळा होतो. तो मोकळा झाला की बटण.

प्रविणनं ऐकून घेतलं. हिशोबात चूक नव्हती. दोनशेचीच लेन्स त्यानंही दिली असती. तरी तो म्हणाला, "भाऊ, खरं सांगू? तुमी जाऊच नका."

"मदलं अजून दिसतंय की मला."

"ते हाय. पण..."

"आणखी किती दिस दिसंल, तू सांगतोस का?"

प्रविणनं दुकानातली वापरलेली, पण निकोप, दोनशेची लेन्स कपड्यात गुंडाळून दिली. "वापरा. मग बघू," एवढंच म्हणाला.

शर्यतीच्या दिवशी पालीच्या माळावर सकाळपासून माणूस मावत नव्हता. अर्जुनरावांचे फ्लेक्स, मांडव, पाण्याचे टँकर. बबिता त्याला मेव्हण्याच्या गाडीवरून पोचवायला आली होती आणि मांडवाजवळ थांबली होती. मोठ्या उंचवट्याच्या बाजूला गहिनीनाथनं स्टँड लावला. पायाशी फक्कीची पांढरी रेघ होती, तिच्या आत यायचं नाही असं सगळ्यांना बजावलं होतं.

पहिल्या फेऱ्या झाल्या आणि त्याचा हिशोब खरा ठरला. डोळे जवळजवळ मिटून तो ऐकायचा. आवाज दाटायचा, दाटायचा, मोकळा व्हायचा. बटण. मागच्या पडद्यावर बघावं तर गाडी आभाळात, चाकातून माती सुटलेली, एकेक ढेकूळ वेगळं. लेन्सनं असं काही टिपलं होतं, की त्याला हसू आवरेना. तो पुन्हा पुन्हा पडद्याला डोळा लावून बघत राहिला. विजयसिंहचा एक फोटो तर असा आला, की हेल्मेटच्या काचेत समोरचा सगळा माळ उमटला होता.

दुपारी अंतिम फेरी. गाड्या सुरुवातीच्या रेघेवर लागल्या आणि मांडवात डीजे सुरू झाला.

आवाज एवढा, की छातीत धडधड व्हावी. वर लाउडस्पीकरवर अर्जुनरावांच्या नावाचा गजर. गहिनीनाथनं कान टवकारले. इंजिनाचा आवाज त्या गदारोळात कुठं विरला, कळेना. त्यानं मांडवाच्या दिशेनं हात हलवले, "बंद करा जरा" म्हणून ओरडला. त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. लोकांना वाटलं फोटोवाला खुशीत आलाय. एक-दोघांनी उलट हात हलवले.

गाड्या सुटल्या होत्या. पहिली वरून गेली तेव्हा त्याला फक्त अंगावर उडालेल्या मातीवरून कळलं. बटण उशिरा. दुसरीही तशीच. मग त्यानं स्टँडवरून कॅमेरा सोडवला. आता बघितल्याशिवाय इलाज नव्हता. तो मान डावीकडं वळवून बघू लागला, उजवीकडं वळवून बघू लागला, नळीतून बघावं तसं तुकडा तुकडा. उंचवट्याचा चढ नजरेत धरायला तो दोन पावलं पुढं सरला. आणखी दोन. पायाखालची पांढरी रेघ त्याला दिसली नाही. खालचंही गेलेलं होतं, हे त्याला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

बबितानं ते मांडवाजवळून पाहिलं. ती ओरडत पळत सुटली, पण माणसांच्या भिंतीतून वाट मिळेना.

विजयसिंह माथ्यावरून उडाला आणि हवेत असतानाच त्याला समोर माणूस दिसला. हवेत गाडी वळत नाही. टेकल्याबरोबर त्यानं हँडल झटक्यात वळवलं. गाडी गहिनीनाथच्या गुडघ्याला वारा लावून गेली, आडवी झाली, आणि विजयसिंह तिच्यापासून सुटून मातीत दूरवर घसरत गेला. गहिनीनाथला गरम झळ जाणवली, इतकंच. काय झालं हे त्याला लोक धावत आले तेव्हा कळलं.

डीजे आता बंद झाला.

कुणीतरी त्याची गचांडी धरली. कुणीतरी कॅमेरा ओढला, पण पट्टा गळ्यात होता. अर्जुनराव मुलाकडं बघून आले होते, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "पिऊन आलास का बे?"

"न्हाई अण्णा. आईची आण."

"मग रेघेच्या आत कावून गेलतास?"

"दिसलं न्हाई मला." तो पहिल्यांदाच हे चारचौघांत बोलत होता. "अण्णा, मला बाजूचं दिसत न्हाई. डोळ्याला आजार हाय."

"एवढी मोठी दुर्बीण गळ्यात अन् म्हनं दिसत न्हाई," गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि माणसं हसली. अर्जुनराव हसले नाहीत. पण त्यांनी पाठ फिरवली. तोवर बबिता पोचली. तिनं दोन्ही हातांनी माणसं बाजूला सारली आणि नवऱ्याचं कोपर धरलं. विजयसिंहला उचलून गाडीत घालत होते. गहिनीनाथला तिकडं जायचं होतं, पण त्याला कुणी जाऊ दिलं नाही, आणि कुठल्या बाजूला जायचं हेही त्याला धड कळत नव्हतं.

विजयसिंहचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. जिवावर बेतलं नव्हतं. हे कळल्यावर गहिनीनाथ दोन दिवसांनी माफी मागायला निघाला, तर छबुबाई लुगडं नेसून तयार. "मी येते," ती म्हणाली. तिला नको म्हणायची सोय नव्हती.

अर्जुनरावांच्या बैठकीत ती खुर्चीवर बसली नाही. उंबऱ्याशी उभी राहूनच म्हणाली, "सायेब, त्याला बोलू नका. ते माझ्या रक्तातून गेलंय त्याच्यात. माझ्या भावाचं गेलं, आता ह्याचं. मला काय ठाव व्हतं? मी आपली दर साली नारळ फोडत व्हते." आणि तिनं हात जोडले.

गहिनीनाथला वाटलं, जमीन दुभंगावी. अर्जुनराव उठून उभे राहिले. "अवो छबुबाई, बसा तुमी आधी," एवढंच म्हणाले. त्यांनी चहा मागवला.

विजयसिंह गळ्यात हात बांधून आतून आला. "नाथभाऊ, तुमचं तोंड माझ्याकडंच व्हतं," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नवल होतं. "मला वाटलं, बघतायत, तर सरकतील."

"न्हाई दिसलास दादा."

"खरंच?"

"खरंच."

मग विजयसिंहनं विचारलं, "पहिल्या फेरीचे फोटो आले का?"

फोटो आले होते. हेल्मेटच्या काचेत माळ असलेला तो फोटो विजयसिंहला इतका आवडला, की त्यानं त्याचा भला मोठा फ्लेक्स करून चौसाळ्याच्या चौकात लावला. गावातला जो तो सांगत येऊ लागला, "गहिनाभाऊ, काय फोटो हाय राव!" संध्याकाळच्या आत बबिता त्याला तिकडं घेऊन गेली. तो फ्लेक्सच्या खाली उभा राहिला. त्याला चाक दिसलं. मग मान वर करून बूट. मग हँडल, हातमोजा, काच. काच दिसली की चाक जायचं. सगळी गाडी एकदम दिसावी म्हणून तो मागं मागं सरकू लागला, तशी बबितानं त्याचा शर्ट मागून धरला.

"मागं रस्ता हाय," ती म्हणाली.

"कसा आलाय गं?"

"चांगला आलाय." ती वर बघत राहिली. "उडाल्यासारखं वाटतंय."

स्टुडिओ आता बबिता बघते. पासपोर्ट फोटो ती काढते, उजेड कसा ठेवायचा ते तो मागं बसून सांगतो. लग्नाची कामं दुसऱ्याला देऊन टाकली. रात्री बाहेर पडत नाही. दिवसा ओळखीच्या रस्त्यानं टायरवाल्यापर्यंत जातो आणि येतो.

उन्हाळा संपता संपता दोघं एसटीनं संभाजीनगरला गेली, लेन्स परत द्यायला. प्रविणनं ती घेतली, पुसली आणि कपाटात ठेवली. तेवढ्यात दुकानात एक तरुण आला. गाड्यांच्या शर्यतीचे फोटो काढायचेत, कुठली लेन्स घेऊ, म्हणून विचारू लागला. प्रविणनं गहिनीनाथकडं बघितलं.

गहिनीनाथ बोलू लागला. किती लांब उभा राहणार आहेस, उजेड सकाळचा की दुपारचा, गाडी समोरून येणार की आडवी जाणार, हे त्यानं विचारून घेतलं. सहाशेचा मोह का धरू नये हे सांगितलं. आडव्या गाडीबरोबर कंबरेतून कसं फिरायचं, ते उठून, हातात कॅमेरा नसताना करून दाखवलं. पोरगं मन लावून ऐकत होतं. प्रविणनं दोनशेची लेन्स पुन्हा कपाटातून काढून काउंटरवर ठेवली. पोरानं ती हातात घेतली, जोखली, हीच देऊन टाका म्हणाला.

जाताना तो वळला. "थँक्यू काका, लई मदत झाली," म्हणत त्यानं हात पुढं केला.

गहिनीनाथ त्याच्या चेहऱ्याकडं बघून हसत होता. पोराचा हात खाली, कमरेच्या उंचीवर तसाच राहिला. त्याचा चेहरा जरा उतरला. त्यानं हात मागं घेतला.

"अहो, हात," बबिता हळूच म्हणाली.

गहिनीनाथनं चटकन उजवा हात पुढं केला आणि तसाच धरून ठेवला. पोरगं तोवर जिन्यात पोचलं होतं. त्याची पावलं खाली उतरत गेली. प्रविण काउंटरवरची झाकणं आवरत राहिला. बबिता पुढं झाली, तिनं तो हात आपल्या हातात घेतला, आणि म्हणाली, "चला. दिवस हाय तवर बीड गाठायचंय."